मतदान काढावं लागतं

सरकारी नोकरीत निवडणुकीची ड्यूटी कुणाला चुकत नाही. लोकसभा, विधानसभा, महापालिका आणि मधूनच उपटणाऱ्या पोटनिवडणुका करता करता नोकरी सरते आणि मतदान या प्रकाराबद्दल माणसाचं एक मत बनतं. माझं बनलेलं मत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांशी जुळत नाही. पोटनिवडणुकीत मतदान घसरलं की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला असतो, ‘मतदारांनी फिरवली पाठ’. जागा आधीच कुणाच्या तरी खिशात असेल तर उदासीनतेच्या आरोपाला आळसाची जोड मिळते. त्यातून ती मुंबई-पुण्याची असली तर सुशिक्षित मतदाराला चार शब्द सुनावण्याची संधी कुणी सोडत नाही. केंद्राच्या आत बसून मला कळलं ते वेगळंच आहे. टक्का मतदाराच्या मनात ठरतो त्याहून जास्त केंद्रापासून दोनशे मीटरवर मांडलेल्या पक्षांच्या टेबलांवर ठरतो. टेबलं उठली की टक्का पडतो. आणि ती का उठली, हे मतदाराला विचारून उपयोग नसतो, कारण ती त्याने मांडलेली नसतात आणि उठवलेलीही नसतात.

लढतीच्या निवडणुकीत केंद्रावरचा दिवस कसा जातो ते आधी सांगायला हवं. मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदान घ्यायचं असतं, किमान पन्नास मतांचं. तेव्हाच खोलीत एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघणारे चार-पाच पोलिंग एजंट बसलेले असतात. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत कोणतं चिन्ह दिसतं, सील नीट लागलं का, आकडा शून्यावर आणला का, यावर त्यांचं लक्ष आमच्यापेक्षा बारीक असतं. सात वाजता मतदान सुरू होतं. पहिला मतदान अधिकारी मोठ्याने नाव पुकारतो, की एजंट आपल्या यादीत खूण करतात आणि मतदाराच्या तोंडाकडे बघतात. ते त्याच वस्तीतले असतात, त्यांना माणसं ठाऊक असतात. नाव एकाचं आणि माणूस दुसरा असं वाटलं तर दोन रुपये भरून मताला आक्षेप घेण्याची सोय नियमातच आहे. दर दोन तासांनी आम्ही आकडा झोनल ऑफिसरला कळवतो, तसाच एजंटही बाहेर चिठ्ठी धाडतो की अमुक चाळीतली एवढी नावं अजून आलेली नाहीत. दुपारी केंद्र ओस पडतं आणि चारनंतर पुन्हा रांग लागते. ती रांग आपोआप लागत नाही. बाहेरच्या टेबलावरची पोरं राहिलेल्या नावांची यादी घेऊन जिने चढलेली असतात, म्हातारीला रिक्षात बसवलेलं असतं, ‘मामा, आता तरी चला’ म्हणून कुणाच्या दारात उभी राहिलेली असतात. कार्यकर्ते याला ‘मतदान काढणं’ म्हणतात, आणि इतका नेमका शब्द मला निवडणूक आयोगाच्या कुठल्याही पुस्तिकेत सापडलेला नाही.

लढत नसलेल्या पोटनिवडणुकीत आमचं काम तसूभरही कमी होत नाही. तेवढीच पाकिटं, तेवढेच नमुने, शाईची तीच बाटली, १७-ए नोंदवहीचे तेच रकाने. बदलतं ते खोलीतलं बाक. तिथे एकच एजंट असतो आणि त्याला कुणावर नजर ठेवायची नसते, त्यामुळे तो मोबाईल बघत बसतो. बाहेर टेबलही एकच. घरोघरी चिठ्ठ्या पोचलेल्या नसतात, म्हणून येणाऱ्या मतदाराला आपलं केंद्र आणि यादीतला क्रमांक शोधण्यात पंधरा मिनिटं घालवावी लागतात. चारनंतरची रांग लागत नाही. तिसरा मतदान अधिकारी कंट्रोल युनिटवर हात ठेवून पेंगत असतो आणि मतांच्या हिशोबाचा १७-सी नमुना भरताना बेरजेला वेळ लागत नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या प्रकाराचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अंधेरी पूर्वचं आहे. शिवसेनेचे आमदार रमेश लटके यांचं मे २०२२ मध्ये निधन झालं आणि ३ नोव्हेंबरला पोटनिवडणूक झाली. मधल्या काळात शिवसेना फुटली, निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण गोठवला, ठाकरे गटाला मशाल मिळाली. रमेश यांच्या पत्नी आणि ठाकरे गटाच्या उमेदवार ऋतुजा लटके यांचा महापालिकेच्या नोकरीचा राजीनामा स्वीकारला जावा म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. भाजपने मुरजी पटेल यांना उतरवलं, त्यांनी अर्ज भरला, आणि १७ ऑक्टोबरला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, तो मागे घेतला. आदल्या दिवशी राज ठाकरे यांनी देवेंद्र फडणवीसांना पत्र लिहून तशी विनंती केली होती. म्हणजे राज्यातली त्या वर्षातली सर्वांत चुरशीची ठरणारी निवडणूक एका दुपारी निकालात निघाली. मतदान झालं ३१.७४ टक्के. ऋतुजा लटके ६६,५३० मतांनी आघाडीवर राहून निवडून आल्या असं वाचणाऱ्याला वाटेल, पण ६६,५३० ही त्यांना मिळालेली मतं आहेत. दुसऱ्या क्रमांकावर माणूस नव्हता, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणणारा नोटा होता, १२,८०६ मतांसह. बाकीच्या सहा उमेदवारांपैकी एकालाही दोन हजार मतं मिळाली नाहीत. (नोटा हा खरोखरीचा उमेदवार असता तर एकूण मतांपैकी पंधरा टक्क्यांच्या आसपास मतं मिळूनही एक षष्ठांशाच्या अटीत थोडक्यासाठी डिपॉझिट घालवून बसला असता. एवढीच काय ती मौज.)

बहुतेक चर्चा मतदानाच्या टक्क्यापाशी थांबली. टक्का बाजूला ठेवून मतं मोजली तर चित्र पालटतं. २०१९ मध्ये याच मतदारसंघात रमेश लटके यांना ६२,७७३ मतं होती, अपक्ष लढलेल्या मुरजी पटेलांना ४५,८०८ आणि काँग्रेसच्या उमेदवाराला सुमारे २८ हजार. मतदान तेव्हा ५३ टक्क्यांच्या आसपास होतं. २०२२ मध्ये टक्का एकवीस अंशांनी कोसळला, पण विजेत्याची मतं कमी झाली नाहीत, उलट पावणेचार हजारांनी वाढली. २०२४ च्या विधानसभेला मुरजी पटेल शिंदे यांच्या शिवसेनेकडून पुन्हा उभे राहिले, या वेळी माघार नव्हती. त्यांना ९४,०१० मतं पडली, ऋतुजा लटके यांना ६८,५२४, आणि जागा २५,४८६ मतांनी फिरली. हे तीन आकडे एकाखाली एक लिहून बघावेत: ६२,७७३, ६६,५३०, ६८,५२४. पक्ष फुटला, चिन्ह बदललं, मित्रपक्ष बदलले, सहानुभूतीची लाट आली आणि गेली, तरी लटके घराण्याच्या पारड्यातली मतं पाच-सहा हजारांच्या पलीकडे हलली नाहीत. खालीवर झाली ती समोरची मतं. ज्यांचा उमेदवार पळवला गेला ते २०२२ मध्ये घरी बसले, आणि उमेदवार परत मिळाल्यावर परत आले. तीनही वेळा तीच माणसं आली असं या आकड्यांवरून शपथेवर सांगता येणार नाही, यादी बदलते, लोक बदलतात, आणि २०२२ मध्ये तर काँग्रेसचाही लटके यांना पाठिंबा होता. पण ‘अंधेरीकर आळशी’ या निदानाला हे आकडे साफ नकार देतात. आळस असा एकाच बाजूला पडत नाही. आणि ज्या जागेला सगळे सुरक्षित म्हणत होते ती दोन वर्षांत गेली, म्हणजे ती सुरक्षित नव्हतीच, अर्ज मागे घेऊन ती तशी केली गेली होती.

यावर पहिला आक्षेप येतो की पोटनिवडणुकीत मतदान कमीच होतं, त्यातून शहरी मतदारसंघ, त्यात नवल काय. याला पुण्याच्या कसबा पेठेचं उत्तर आहे. अंधेरीनंतर चारच महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०२३ ला, आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर तिथे पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ शहरी, भाजपकडे १९९५ पासून असलेला, सुरक्षित म्हणावा तर हाच. पण काँग्रेसचे रवींद्र धंगेकर आणि भाजपचे हेमंत रासने यांच्यात खरी झुंज होती, मंत्री गल्लीबोळांत फिरत होते, पेठांतल्या प्रत्येक वाड्याच्या जिन्यावर दोन्हीकडची माणसं एकमेकांना धडकत होती. मतदान ५० टक्क्यांच्या आसपास झालं, म्हणजे २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीला होतं जवळपास तेवढंच, आणि जागा सुमारे ११ हजारांनी काँग्रेसकडे गेली. शहर, पोटनिवडणूक, सुरक्षित म्हटली जाणारी जागा हे तिन्ही गुणधर्म अंधेरीसारखेच असताना टक्का पडला नाही. वेगळी होती फक्त लढत. मतदारयादीचाही मुद्दा काढला जातो आणि तो खोटा नाही. मुंबईतल्या याद्या फुगलेल्या असतात हे मी पुकारलेल्या नावांवरून सांगू शकतो. झोपडपट्टी पुनर्वसनात घर पाडलं की कुटुंब भाड्याने विरार-कल्याणला जातं, नाव मागेच राहतं. स्थलांतरित, मयत, गैरहजर यांची वेगळी यादी आमच्याकडे असते आणि ती कधीच पुरी नसते. त्यामुळे खरा टक्का छापील टक्क्याहून जास्त असणार. पण ही फुगलेली यादी २०१९ लाही होती. तिने टक्का नेहमी थोडा खाली दिसतो, एका निवडणुकीत एकवीस अंश का घसरला हे तिने समजत नाही.

उलट बाजूचा पुरावा बीडचा. गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतर १५ ऑक्टोबर २०१४ ला लोकसभेची पोटनिवडणूक झाली. राष्ट्रवादीने उमेदवार दिला नाही, निकालाबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. तरी त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी निवडून आल्या, देशातलं तोवरचं सर्वांत मोठं मताधिक्य. सहानुभूती होती हे खरं, पण ती अंधेरीतही होती. बीडमध्ये त्याच दिवशी त्याच केंद्रांवर विधानसभेचं मतदान होतं. सहा विधानसभा मतदारसंघांतले सगळे पक्ष आपापली माणसं बाहेर काढत होते आणि आत आलेला मतदार दुसऱ्या यंत्रावर लोकसभेचंही बटण दाबून जात होता. दुसऱ्याच्या लढतीने काढलेलं मतदान सुरक्षित जागेच्या पदरात पडलं. याच रांगेचं दुसरं टोक म्हणजे सांगली जिल्ह्यातलं पलूस-कडेगाव. पतंगराव कदम यांच्या निधनानंतर २०१८ मध्ये भाजपच्या उमेदवाराने माघार घेतली आणि पतंगरावांचे पुत्र विश्वजीत कदम बिनविरोध निवडून आले. तिथे मतदानाचा टक्का विचारायचीही सोय राहिली नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३ (२) प्रमाणे जागा एक आणि उमेदवार एक असला की निर्णय अधिकाऱ्याने तिथल्या तिथे निकाल जाहीर करायचा असतो. पण तिथल्या मतदाराला कुणी उदासीन म्हटलं नाही. अंधेरीत किरकोळ उमेदवार मैदानात राहिले म्हणून यंत्रणा हलवावी लागली, आणि मतदाराच्या नावावर ३१ टक्क्यांचा डाग लागला. एवढाच फरक.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. महाराष्ट्राची संस्कृती आहे, दिवंगत आमदाराच्या घरातलं कुणी उभं राहिलं तर समोर उमेदवार देऊ नये. दुःखाचा मान राखावा यात वाईट काय? वाईट काहीच नाही, मान राखायचाच असेल तर अर्ज न भरता राखता येतो. पण ही संस्कृती पाळली जाते कधी ते बघावं. २०२१ मध्ये पंढरपुरात दिवंगत आमदाराचा मुलगा उभा होता, समोर उमेदवार होता आणि मुलगा हरला. त्याच वर्षी देगलूरला मुलगा उभा होता, २०२२ च्या एप्रिलमध्ये कोल्हापूर उत्तरला पत्नी उभी होती, दोन्हीकडे चुरशीने लढत झाली. त्यानंतर सहा महिन्यांत अंधेरीत संस्कृती आठवली आणि पुढच्या चार महिन्यांत चिंचवडला, जिथे पुन्हा दिवंगत आमदाराची पत्नी उभी होती, ती विसरली गेली. जिंकण्याची आशा असली की लढायचं आणि नसली की शोक पाळायचा, असा हा आचार सगळ्याच पक्षांनी पाळलेला आहे. शोक घरच्यांचा असतो, जागा अडीच-पावणेतीन लाख मतदारांची असते. त्या मतदारांना कुणी पत्र लिहून विनंती केल्याचं ऐकिवात नाही.

तिसरं म्हणणं असं की निकाल ठरलेलाच असेल तर घरी बसणं शहाणपणाचं नाही का, आणि जे आले नाहीत ते समाधानीच असणार. समाधानी माणूस उन्हात केंद्रावर येऊन नोटा दाबत नाही. नोटाचा प्रचार केला गेल्याचे, त्यासाठी पैसे वाटल्याचे आरोप अंधेरीत झाले होते. ते खरे धरले तरी मुद्दा तोच राहतो, की कुणीतरी टेबल मांडलं तर मतदान निघतं, मग ते कुणालाच नको म्हणण्यासाठी का असेना. इंदूरचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, काँग्रेसने नोटाचा उघड प्रचार केला आणि २,१८,६७४ लोकांनी तो मानला. भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या मताधिक्याने आले, पण त्या विजयाची चर्चा नोटाच्या आकड्यानेच झाली. शिवाय निकाल ठरलेला असतो ही समजूत दर वेळी खरी निघत नाही. गोरखपूरची लोकसभेची जागा १९८९ पासून तिथल्या मठाच्या महंतांकडे होती. तिथले खासदार योगी आदित्यनाथ मुख्यमंत्री झाल्यावर मार्च २०१८ मध्ये तिथे पोटनिवडणूक झाली, मतदान २०१४ पेक्षा घटलं, आणि समाजवादी पक्षाचे प्रवीण निषाद एकवीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. बालेकिल्ल्यात विजेत्याच्या कार्यकर्त्यालाही वाटतं की आपण नाही गेलो तरी चालेल. समोरच्याने मात्र जिने चढलेले असतात.

यावर उपाय म्हणून कुणी सक्तीच्या मतदानाचं नाव काढलं की मला त्या पेंगणाऱ्या खोलीची आठवण होते. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून सक्ती आहे आणि तिथे ती चालते. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तसा कायदा केला, पण २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सक्तीने रांग लागेल, नाही असं नाही. पण उमेदवार मागे घेणाऱ्या पक्षाला काहीच नाही आणि त्यामुळे घरी बसलेल्या मतदाराला दंड, हा न्याय मला पटत नाही. सक्ती करायचीच असेल तर ती पर्याय ठेवण्याची करावी. उमेदवार एकच उरला तरी यंत्रावर त्याच्या नावाखाली नोटा ठेवून मतदान घ्यावं, म्हणजे बिनविरोध हा शब्द तरी तपासून बघता येईल. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरता नोटाला काल्पनिक उमेदवार मानण्याचा आणि त्याला सर्वाधिक मतं पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेश काढला होता. विधानसभा-लोकसभेला तेवढाही दात नोटाला नाही. खर्चाची ओरड होईल, पण अंधेरीत निकाल ठरलेला असतानाही तो खर्च झालाच होता.

तेव्हा पुढच्या पोटनिवडणुकीच्या वेळी वाचकांनी एक करावं. मतदानाच्या दिवशीचा टक्का बघून शेजाऱ्याला नावं ठेवण्याआधी, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता यादीत कोण उरलं ते बघावं. आणि निकाल लागला की विजेत्याला आदल्या वेळी किती मतं होती आणि आता किती आहेत, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. दोन्ही माहिती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळते.